सरकारी खुर्चीतला वकील आणि मानखुर्दची हवा

आपल्या वस्तीत पोरगा वकील झाला म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक असते. काळा कोट, कुर्ला कोर्ट, जामिनाची धावपळ, भाडेकरूंची भांडणे, फारकतीचे अर्ज. सनद मिळाली की पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारीपाजारी विचारू लागतात, 'काय वकीलसाहेब, आज कुठल्या कोर्टात?' पण एक वकील असाही असतो, जो महिनोन्महिने कोर्टाची पायरी चढत नाही. तो टेबलाशी बसतो. त्याच्याकडे फाईल येते, तो ती वाचतो आणि तिच्यावर आपला अभिप्राय लिहितो. त्याच्या चार ओळींवर एखादा कारखाना बंद पडतो किंवा चालू राहतो. हा सरकारचा वकील, आणि त्यातही पर्यावरणाच्या कायद्याचा सल्ला देणारा. त्याची ओळख मानखुर्दच्या घराघरांत व्हावी असे आम्हाला वाटते, कारण त्याच्या टेबलावरच्या पुष्कळशा फाईली आपल्याच श्वासाच्या असतात.

खाडीकडून वारा सुटला की देवनारचा वास आपल्या चुलीपर्यंत येतो. हे डंपिंग ग्राऊंड सुरू झाले १९२७ साली. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एकीकडे आपली माणसे पाण्याच्या हक्कासाठी उभी राहत होती आणि दुसरीकडे साऱ्या मुंबईचा कचरा कुठे टाकायचा हे ठरत होते. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या, हा निव्वळ योगायोग. पण मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात एम-पूर्व वॉर्ड सगळ्या वॉर्डांच्या तळाशी निघाला, त्याला योगायोग म्हणायला आमची जीभ धजत नाही.

महाडचे नाव निघालेच आहे तर आणखी एक गोष्ट सांगून टाकू. तो लढा ओंजळभर पाण्याने संपला नाही. सवर्णांनी बाबासाहेबांवर दावा लावला आणि तो दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, तो आपल्या बाजूने. तळे नगरपालिकेचे आहे, आणि अस्पृश्यांना तिथे बंदी असल्याची रूढी अनादि काळापासूनची आहे हे दावा करणाऱ्यांना सिद्ध करता आले नाही, असे कोर्ट म्हणाले. सत्याग्रहाची आठवण आपण दरवर्षी काढतो. ती दहा वर्षांची कागदांची आणि पुराव्यांची लढाई मात्र फारशी कुणी सांगत नाही.

पर्यावरणाच्या कायद्यात तर पुरावा हेच सर्वस्व आहे. एक साधे उदाहरण घेऊ. एखादा कारखाना नाल्यात रंगीत, उग्र वासाचे पाणी सोडतो. वस्तीतल्या बायका ते रोज पाहतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा क्षेत्र अधिकारी येतो, बाटलीत पाणी भरतो आणि घेऊन जातो. आपल्याला वाटते, झाले, आता मालक सापडला. पण १९७४ च्या जल कायद्याचे कलम २१ काय सांगते? पाणी तपासणीसाठी नेत आहोत अशी नोटीस तिथल्या तिथे मालकाला किंवा त्याच्या माणसाला द्यायची. नमुन्याचे त्याच्यासमोर दोन भाग करायचे. दोन्ही बाटल्यांवर खूण करायची, सील लावायचे, दोघांच्या सह्या घ्यायच्या. एक बाटली विनाविलंब मंडळाच्या प्रयोगशाळेत जाते. मालकाने मागणी केली तर दुसरी वेगळ्या मान्य प्रयोगशाळेत पाठवावी लागते. मालक मुद्दाम गैरहजर राहिला किंवा त्याने सही नाकारली, तरी अडत नाही. अधिकाऱ्याच्या एकट्याच्या सहीवर काम होते, पण तेही रीतीनेच. यातली एक पायरी चुकली की पाणी कितीही घाण असो, तो तपासणी अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

इथे टेबलावरचा वकील उपयोगी पडतो. शीवला कल्पतरू पॉइंट इमारतीत मंडळाचे मुख्यालय आहे आणि तिथे विधी शाखा आहे. फाईल तिथे आली की विधी अधिकारी आधी नाल्याच्या पाण्याचा रंग बघत नाही, तो सील, सही आणि तारीख बघतो. पंचनामा आहे का? कारखान्याला मंडळाची संमती होती का, आणि ती कोणत्या अटींवर? नोटीस पोहोचल्याची पोच आहे का? मग पुढचे पाऊल. जल कायद्याचे कलम ३३अ आणि हवा कायद्याचे ३१अ ही दोन कलमे भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७-८८ च्या सुमारास कायद्यांत घातली गेली. त्यांनुसार मंडळ कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. मोठी ताकद आहे ही! पण मालकाचे म्हणणे न ऐकता आदेश काढला, तर तो हायकोर्टात जातो आणि आदेश रद्द करून घेतो. चांगला विधी अधिकारी म्हणून घाईत असलेल्या साहेबाला सांगतो, 'आधी सुनावणी ठेवा, कारणे लिहा, मग आदेश काढा.' वस्तीला हे चालढकल वाटते. पुष्कळदा ती चालढकल असतेही. पण पक्का आदेश कोर्टात टिकतो आणि कच्चा आदेश मालकाला मोकळा करतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

सरकारी फाईलवरच्या एका निर्णयाचे किती वर्षे पडसाद उमटतात, हे बघायचे तर खाडीच्या कडेने थोडे उत्तरेला, कांजूरमार्गला चला. तिथली खाजणाची जमीन २००८ साली संरक्षित वन म्हणून जाहीर झाली. २००९ च्या अखेरीस त्यातली सुमारे १२० हेक्टर जमीन 'चुकून घेतली गेली होती' असे म्हणून सरकारने वगळली, आणि तिथे मुंबईचा कचरा जाऊ लागला. पर्यावरणवाद्यांनी याचिका केली. २ मे २०२५ रोजी हायकोर्टाने ती वगळण्याची अधिसूचना रद्द केली. वन जमीन वगळायची तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याप्रमाणे केंद्राची परवानगी लागते, 'चूक दुरुस्त केली' एवढे म्हणून भागत नाही, हा त्यातला गाभा. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. एका अधिसूचनेपायी सोळा वर्षे गेली! २००९ साली ती फाईल ज्या ज्या टेबलांवरून गेली, त्यांपैकी एकाने तरी ठामपणे 'केंद्राला विचारा' असे लिहून ती परत पाठवली असती तर? मुंबईच्या कचऱ्याचा विचार तेव्हाच वेगळ्या रीतीने करावा लागला असता, असे आम्हाला वाटते.

देवनारचेही तेच. जानेवारी २०१६ च्या अखेरीस डंपिंगला आग लागली, धूर दिवसेंदिवस हटला नाही, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आपल्या आयाबहिणींनी लेकरांच्या नाकावर ओली फडकी बांधली. त्यानंतर महिन्याभरात, २९ फेब्रुवारीला, हायकोर्टाने मुंबईतल्या नव्या बांधकामांच्या परवानग्यांवरच बंदी घातली. कचऱ्याचे २००० सालचे नियम पाळले जात नसतील तर नव्या इमारतींचा कचरा कुठे टाकणार, असा सरळ हिशोब होता. मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने अटी घालून ती बंदी तात्पुरती उठवली. तेवढ्या काळात बिल्डर, महापालिका आणि सरकार या तिघांचेही वकील कामाला लागले होते. वर्षानुवर्षे आपण वासाची तक्रार करतो ते ऐकू येत नाही आणि टॉवरचे काम थांबले की सगळ्यांना ऐकू येते, याची आम्हाला गंमत वाटते, आणि चीडही येते. गोवंडीतला रुग्णालयांचा कचरा जाळणारा प्रकल्पही असाच रहिवाशांनी कोर्टात नेला. तो रायगड जिल्ह्यात हलवण्यासाठी हायकोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन वर्षांची मुदत घालून दिली.

आता एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे, कारण ती टाळून हा विषय पुरा होत नाही. पर्यावरणाचा कायदा नेहमी आपल्याच बाजूने येतो असे नाही. खारफुटी वाचवण्यासाठी हायकोर्टाने २००५ साली अंतरिम आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम आदेश दिले. खारफुटी नष्ट करणे हा जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, असे कोर्टाने म्हटले. सरकारी जमिनीवरची खारफुटी संरक्षित वन आणि तिच्याभोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा. आदेश योग्यच आहे. भरतीचे पाणी हीच झाडे अडवतात. पण मानखुर्दच्या कडेला, खाडीला चिकटून ज्यांची पत्र्याची घरे आहेत, त्यांच्याकडे हा कायदा जेसीबी घेऊन येतो. २००४-०५ च्या हिवाळ्यात मंडाला भागात झोपड्या कशा पाडल्या गेल्या, ते पाहिलेली माणसे आजही आपल्यात आहेत. तेव्हा सरकारी वकील सरकारच्या बाजूने उभा असतो. मग आपल्या घरातली मुलगी त्या खुर्चीत बसली तर तिने काय करायचे?

तिने कायदा वाकवायचा नाही, हे उघड आहे. पण तिचा अभिप्राय पुरा असला पाहिजे. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकाला कायद्याने संरक्षण आहे, त्यानंतरच्या २०११ पर्यंतच्यांसाठी सशुल्क पुनर्वसनाची तरतूद आहे. पात्रतेची यादी तपासली का? नोटीस दिली का? पावसाळ्यात तोडकाम ठरवले आहे का? ज्या भरावावर झोपड्या उभ्या आहेत तो भराव टाकणाऱ्या ट्रकवाल्या दलालावर गुन्हा नोंदवला का, की फक्त झोपडीवाल्यावर? हे प्रश्न फाईलवर लिहिले की साहेबाला उत्तर द्यावे लागते. ज्याने खाडीकाठचे जिणे पाहिलेले नाही, त्याला हे प्रश्न सुचतातच असे नाही. आपली मुले या खात्यात असावीत असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

वाट कठीण आहे, पण बंद नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, त्याला राज्याची सीईटी. चर्चगेटचे सरकारी लॉ कॉलेज १८५५ चे. १९३५ मध्ये बाबासाहेब तिथे प्राचार्य झाले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ लॉ कॉलेज १९५६ चे. पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद घ्यायची आणि बार परीक्षा द्यायची. पुढे फाटे फुटतात. प्रदूषण मंडळाची विधी पदे जाहिरातीने भरतात. मंत्रालयात विधी व न्याय विभाग आहे. हायकोर्टातले आणि जिल्ह्यातले सरकारी वकील शासन १९८४ च्या नियमांप्रमाणे नेमते, त्याला आधी वकिलीचा अनुभव लागतो. बी.एस्सी. रसायनशास्त्र करून कायद्याकडे वळलेली मुले या कामात फार चमकतात, कारण प्रयोगशाळेचा अहवाल त्यांना दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागत नाही. तेव्हा विज्ञान शाखेच्या मुलीला 'आता कायदा कशाला?' असे आईवडिलांनी म्हणू नये. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या आहेत. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्राची कामे मूल बारावीत असतानाच उरकून घ्यावीत.

ज्यांच्या घरी अजून वकील नाही, त्यांनीही हातावर हात ठेवून बसू नये. हवा कायद्यात आणि १९८६ च्या पर्यावरण कायद्यात १ एप्रिल २०२४ पासून बऱ्याच गुन्ह्यांची कैद जाऊन दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला आहे. कैदेची भीती गेली हे आम्हाला आवडलेले नाही. पण दंड ठरवायलाही तक्रार आणि पुरावा लागतोच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. तिथे अर्ज करायची मुदत सहा महिन्यांची, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांची. वकिलाची फी परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ पाहा: अनुसूचित जाती-जमातीची माणसे, स्त्रिया, मुले आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा फोन क्रमांक आहे.

आणि तक्रार तोंडी करू नका. कागदावर लिहा: कोणती तारीख, किती वाजता, वारा कुठून होता, धूर काळा होता की पांढरा, नाल्याचे पाणी कोणत्या पुलाखाली कोणत्या रंगाचे होते, घरात कोणाला दम लागला आणि दवाखान्याचा केसपेपर कोणत्या दिवसाचा. दोन प्रती काढा. एक मंडळाच्या कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख मारून घेऊन ती घरी ट्रंकेत जपून ठेवा.