लाल चट्टे आणि आईचं ताट
पहिलं वर्ष : लेखमाला, भाग ७

बाळाच्या बुडाला लाल चट्टे दिसले की घरात पहिला संशय आईच्या ताटावर जातो. काल वांगं खाल्लं होतं का? आंबा कोणी दिला? 'गरम पडलं असेल.' नागपुरात पारा ४५च्या वर गेलेला असताना उष्णतेला दोषी ठरवायला पुरावाही कोणी मागत नाही. मग बाळंतिणीचं जेवण आणखी तुटतं आणि चट्टे जिथल्या तिथे राहतात, कारण ते आतून आलेलेच नसतात. आईला पोटभर जेवू द्या. शोध लंगोटाच्या आत घ्यायचा आहे.

ओल्या कापडाखाली त्वचेचा वरचा थर पाणी पिऊन फुगतो, नरम पडतो आणि जरा घासला तरी सोलवटतो. त्यात शूबरोबर शी आली की मामला बिघडतो. शीतल्या जंतूंमधलं युरीएज हे विकर शूमधल्या युरियापासून अमोनिया तयार करतं. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ५.५, अमोनियाने तो वर सरकतो. शीमध्ये प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ पचवणारी विकरं शिल्लक असतात, ती याच वातावरणात चेकाळतात आणि दूध संपलेलं असल्यामुळे कातडीला लागतात. १९२१ साली कुक नावाच्या अमेरिकी डॉक्टरने सगळा दोष अमोनियावर ठेवला होता. पुढे कित्येक दशकं पुस्तकांत तेच छापलं जात होतं. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या प्रयोगांनी दाखवलं की धडधाकट त्वचेला एकटा अमोनिया फारसं काही करत नाही; खरं नुकसान ही विकरं करतात.

म्हणून नुसत्या शूने ओला झालेला डायपर थोडा वेळ राहिला तर चालेल, शीचा मात्र मिनिटभरही ठेवू नये, मग बाळ गाढ झोपेत का असेना. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी कमी अल्कधर्मी असते, त्यामुळे पहिले सहा महिने बरेचदा निभावून जातं. उष्टावण होतं, वरण-भात सुरू होतो, शीचा नूर बदलतो आणि नवव्या ते बाराव्या महिन्यांत चट्टे सर्वात जास्त दिसतात. तेव्हा घरातले म्हणतात, दात येताहेत ना, म्हणून.

बाळुती बरी की डायपर, हा वाद नागपूरच्या घरात तरी कॅलेंडर बघून मिटवावा. जुन्या नागपुरी लुगड्याची, एम्प्रेस मिलच्या धोतराची बाळुती आज्यांनी उगाच जपली नाहीत. शेकडो वेळा धुतलेलं सुती कापड इतकं मऊ होतं की नव्या कापडाला ते जमत नाही. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर टाकलेलं बाळुतं खाली उतरेपर्यंत वाळतं. कडक ऊन लागतं, हवा खेळते. या दिवसांत दिवसा बाळुत्याला तोड नाही. त्याच दिवसांत घट्ट डायपर आणि खाली मेणकापड म्हणजे कमरेच्या इलास्टिकभोवती घामोळं ठरलेलं. कूलरची हवा आधीच दमट असते, त्यात घाम वाळत नाही.

जुलै लागला की चित्र उलटं होतं. दोरीवरची बाळुती दोन-दोन दिवस ओलसर राहतात, त्यांना कुबट वास येतो, आणि अर्धवट वाळलेलं कापड बाळाला गुंडाळलं जातं. अशा वेळी डायपर वापरण्यात कसली आलीय लाज! त्यात सोडियम पॉलिॲक्रिलेटचे कण असतात, ते आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषून घट्ट धरून ठेवतात आणि त्वचा तुलनेने कोरडी राहते. गोम अशी की ओल बाळाला जाणवत नाही तशी आपल्यालाही कळत नाही. डिसेंबरच्या गारठ्यात 'झोपू दे, कशाला उघडायचं' म्हणून रात्रभर एकच डायपर राहतो आणि सकाळी चट्टे असतात. झोपताना नवा बांधा, रात्रीच्या दुधाच्या वेळी हात घालून बघा.

पुसायला कोमट पाणी आणि कापूस पुरतो. मुलीला पुढून मागे पुसायचं. मुलाची कातडी मागे ओढायची नाही. मग टिपून घ्यायचं, घासायचं नाही. नाळ पडेपर्यंत लंगोटाची कड बेंबीच्या खाली दुमडायची. दिवसातून दोन-तीनदा बाळाला अर्धा तास उघडंच लोळू द्या, चादर भिजली तर भिजली. बारशाला आलेल्या पावडरचे डबे मात्र कपाटातच बरे. ती कणी बाळाच्या श्वासात जाते आणि घामाने जांघेत तिचा लगदा होतो.

लाली आलीच तर झिंक ऑक्साइडचं मलम हात आखडता न घेता, भाकरीवर लोण्याचा गोळा थापावा तसं जाड लावायचं. पुढच्या वेळी फक्त शी पुसायची, मलम खरवडून काढायचं नाही. वर आणखी थर द्यायचा. बहुतेक चट्टे दोन-तीन दिवसांत उतरतात.

उतरले नाहीत तर बारकाईने बघा. ओलीचे चट्टे कापड टेकतं त्या उंचवट्यांवर असतात, जांघेच्या घड्या बहुधा सुटतात. घड्यांमध्येच गडद लाल झालं असेल आणि कडेला सुटे सुटे लाल ठिपके असतील, तर ती कॅन्डिडा बुरशी. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर ती हमखास गाठते आणि तिला वेगळं औषध लागतं. इथेच घात होतो. दुकानदार काउंटरवरून एक 'सब पे चलने वाली' ट्यूब काढून देतो. तिच्यात स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. दोन दिवसांत लाली जाते, घरभर कौतुक होतं. पण डायपरखाली झाकलेल्या नाजूक त्वचेतून स्टिरॉइड कितीतरी जास्त शोषलं जातं. कातडी पातळ होते, ट्यूब थांबवली की चट्टे दुप्पट जोराने परततात, आणि फार दिवस लावल्यास शरीरातल्या संप्रेरकांवरही परिणाम होतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून नियम बदलला. काउंटरवर तो किती पोचला, हे कुठल्याही गल्लीत कळेल. तीन दिवसांत उतार नसेल, पू, फोड किंवा ताप असेल, किंवा तोंडाभोवती आणि हातांवरही तसेच चट्टे असतील, तर डॉक्टरच. नागपुरात मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या बालरोग विभागात दाखवलं तरी चालेल.

राहिला वापरलेला डायपर. आपल्या शहरात तो शेवटी भांडेवाडीच्या कचराडेपोत पोचतो, आणि वाटेत कोणाच्या तरी हातातून जातो. शी आधी संडासात टाकून द्या, डायपर आत दुमडून त्याच्याच पट्ट्यांनी बांधा, कागदात गुंडाळा. २०१६च्या घनकचरा नियमांनी असा कचरा नीट गुंडाळून देणं नागरिकांवर बंधनकारक केलं. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने पुडक्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली. स्केचपेनने तो काढायला क्षणभर लागतो आणि आत काय आहे ते समोरच्याला न उघडता कळतं.

(पुढच्या आठवड्यात : उष्टावण)