धानपट्ट्यातील सहकारी संस्था : शेती, ग्रामोद्योग व लोकशिक्षण (साकोली परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
साकोली परिसरातील सामान्य धान उत्पादकाचा 'सोसायटी'शी संबंध प्रामुख्याने वर्षातून दोनदा येतो. एकदा खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी आणि पुन्हा दिवाळीनंतर धान मोजण्यासाठी. संस्थेचे हे मर्यादित रूप अपघाताने आलेले नाही. १९०४ च्या कायद्याने केवळ पतपुरवठा करणाऱ्या संस्थांनाच मान्यता दिली होती. खरेदी-विक्री वा प्रक्रिया करणाऱ्या संस्थांना १९१२ च्या कायद्याने वाट मोकळी झाली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ने नफ्याचा काही भाग सार्वजनिक कार्यासाठी देण्याची मुभा दिली, तर २०१३ च्या दुरुस्तीने सभासदांचे शिक्षण व प्रशिक्षण हे संस्थेचे कर्तव्य ठरविले. म्हणजे शेती, उद्योग आणि शिक्षण ही तिन्ही कार्ये कायद्याला अभिप्रेत आहेत. उसाच्या पट्ट्यात ती एकत्र आलेली दिसतात. धानपट्ट्यात तशी का आली नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऊस आणि धान :
विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरा येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. पुढे १९६४ मध्ये त्याच परिसरात प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था स्थापन झाली. याचे श्रेय नेतृत्वाला दिले जाते व ते योग्यच आहे. परंतु पिकाच्या स्वभावाकडे सहसा लक्ष जात नाही. तोडलेला ऊस थांबत नाही. तो लवकर गाळावा लागतो, त्यामुळे शेकडो शेतकरी एकाच गव्हाणीशी बांधले जातात आणि उसाच्या दरातून टनामागे थोडी कपात करून विकासनिधी उभारता येतो. धान मात्र कोठीत महिनोन्महिने टिकते. गरज पडेल तसे पोते-दोन पोती विकता येते आणि ते भरडण्यास लहानशी गिरणीही पुरते. सर्वांचे उत्पादन एका दारातून जाण्याची सक्तीच येथे नाही.

आधारभूत खरेदी योजनेमुळे असे एक दार निर्माण झाले आहे. पणन महासंघ, तसेच आदिवासी क्षेत्रात आदिवासी विकास महामंडळ, यांच्या वतीने स्थानिक संस्था धान मोजून घेतात. मात्र भरडाई गिरणीमालकाकडे जाते. एक क्विंटल साध्या धानामागे ६७ किलो तांदूळ शासनास परत करावयाचा असतो. तूस, कोंडा व कणी गिरणीकडेच राहतात. कोंड्यापासून खाद्यतेल निघते, तूस बॉयलरला जाते. प्रक्रियेतील मूल्य बऱ्याच अंशी या उपपदार्थांत आहे आणि नेमके तेच संस्थेच्या हाती लागत नाही. तिच्या वाट्याला येते कमिशन, आणि साठवणुकीत वजन घटले तर त्याचा हिशोब. अशा संस्थेकडून शाळा वा वाचनालयाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

या भागातील उच्च शिक्षणाचा पैसाही धानातून आलेला नाही. १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन करणारे मनोहरभाई पटेल हे विडी उद्योगातील होते. ऊसपट्ट्यात उत्पादकांच्या कपातीतून जे घडले, ते येथे एका उद्योजकाच्या दातृत्वातून घडले. दोहोंचे फळ महाविद्यालयच. परंतु दुसऱ्या प्रकारात शेतकरी लाभार्थी असतो, मालक नसतो.

तलावावरील संस्था :
तरीही तिन्ही कार्यांचा मेळ या भागास अपरिचित नाही. तो गोदामापेक्षा तलावावर अधिक स्पष्ट दिसतो. कोहळी समाजाने गोंड राजवटीत बांधलेले तलाव पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५१ मध्ये मालगुजारी संपून ते शासनाकडे आले आणि कालांतराने लहान तलाव जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत गेले. पाणी धानाला, मासे ढिवरांच्या सहकारी संस्थेला ठेक्याने, अशी विभागणी झाली. पाळीची व तुडुमाची दुरुस्ती मात्र पूर्वी जशी गावाची मानली जाई, तशी कोणाचीच राहिली नाही.

ठेका घेणाऱ्या संस्थांनी उत्पन्नासाठी रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडले. स्थानिक लहान मासे कमी होत गेले, बेशरमीने काठ व्यापले. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील (१९९९ पर्यंत हाही भंडाऱ्याचाच भाग होता) अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मच्छीमार संस्थांना सोबत घेऊन वेगळा प्रयोग केला. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तलावतळाचा काही भाग नांगरणे, बेशरम उपटणे, स्थानिक पाणवनस्पती लावणे आणि मूळच्या माशांना पुन्हा थारा देणे, असे त्याचे स्वरूप आहे. कोणती वनस्पती कोणत्या माशाला अंडी घालण्यास उपयोगी, हे ज्ञान वयस्क ढिवरांकडे होते. ते तरुण सभासदांकडे व स्त्रियांच्या गटांकडे आले. येथे उद्योग आणि शिक्षण यांची खाती वेगळी काढता येत नाहीत.

साकोलीत कृषी विज्ञान केंद्र आहे, संशोधन केंद्र आहे. येथील धानाचे वाण 'साकोली' या नावानेच ओळखले जातात. परंतु वाण शेतकऱ्यापर्यंत एकेकट्याने पोहोचतो, संस्थेमार्फत क्वचितच. बीजोत्पादनाचा कार्यक्रम सेवा संस्थेने सभासदांच्या बांधीतच घेतला, तर लहान भरडाई यंत्राआधी तो परवडणारा आहे. त्यास गिरणीएवढे भांडवल लागत नाही आणि उत्पादन संस्थेच्याच दारातून जाते.