मेलेल्या आजीसाठी जेवणाचं ताट, दारापर्यंत झेंडूची वाट: मेक्सिकोतली कुटुंबं आपल्या गेलेल्या माणसांना घरी कशी बोलावतात?

जेम्स बाँडचा 'स्पेक्टर' हा सिनेमा २०१५ साली आला. त्याची सुरुवातच मेक्सिको सिटीतल्या एका प्रचंड मिरवणुकीने होते. सांगाड्यांचे मुखवटे घातलेले लोक, भल्यामोठ्या कवट्या आणि त्या गर्दीतून वाट काढणारा बाँड. पाहणाऱ्यांना वाटलं, मेक्सिकोत हे शेकडो वर्षांपासून चालत आलेलं असणार.

गंमत अशी की तोपर्यंत मेक्सिको सिटीत अशी मिरवणूक कधी निघतच नव्हती. सिनेमा पाहून पर्यटक ती शोधत येतील, म्हणून सरकारी पातळीवरच ती सुरू करण्यात आली. पहिली मिरवणूक निघाली २९ ऑक्टोबर २०१६ रोजी. आज दर नोव्हेंबरला इन्स्टाग्रामवर कवटीचा मेकअप केलेल्या चेहऱ्यांचे जे रील्स फिरतात, त्यातले बरेचसे असल्याच मिरवणुकांमधले असतात.

पण म्हणून ही परंपरा खोटी आहे का? अजिबात नाही. फक्त ती रस्त्यावर नाही, तर घरात आणि कब्रस्तानात आहे. आणि तिथे जे घडतं, ते मिरवणुकीपेक्षा कितीतरी जास्त समजून घेण्यासारखं आहे.

नेमका सण काय आहे?

स्पॅनिशमध्ये याला 'दिआ दे मुएर्तोस' म्हणतात, म्हणजे मृतांचा दिवस. मुख्य दिवस दोन, १ आणि २ नोव्हेंबर. समजूत अशी की या दिवसांत मेलेली माणसं आपापल्या घरी परत येतात. १ नोव्हेंबरला लहानपणी गेलेली मुलं येतात आणि २ नोव्हेंबरला मोठी माणसं. काही भागांत याची सुरुवात २८ ऑक्टोबरपासूनच होते. तो दिवस अपघातात किंवा हिंसेत गेलेल्यांसाठी राखलेला असतो.

हे वाचून मराठी माणसाला पितृपक्ष आठवणार, हे साहजिक आहे. गेलेल्या माणसाच्या आवडीचं करून वाढायचं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. पण फरकही मोठा आहे. पितृपक्षात अनेक घरांत खरेदी आणि शुभकार्य टाळतात. मेक्सिकोत मात्र याच दिवसांत बाजार सर्वांत जास्त फुललेले असतात. आणि घरातली मांडणी करायला कुणा धर्मगुरूची गरज लागत नाही. ती घरातली माणसंच करतात, कारण कुणाला काय आवडायचं हे त्यांनाच माहीत असतं.

ओफ्रेंदा: पाहुण्यासाठी मांडलेलं टेबल

या सणाच्या केंद्रस्थानी असते 'ओफ्रेंदा'. घरातल्या एका खोलीत टेबलावर किंवा दोन, तीन, कधी सात पायऱ्या रचून ही मांडणी करतात. वर मृतांचे फोटो. आजोबा, आजी, काका, कधी एखादं लहान मूल.

मांडणीतल्या प्रत्येक वस्तूमागे एक साधा, घरगुती विचार आहे. लांबचा प्रवास करून आलेल्याला तहान लागलेली असणार, म्हणून पाण्याचा पेला. वाट दिसावी म्हणून मेणबत्त्या. शुद्धीसाठी मीठ. कोपाल नावाच्या झाडाचा डिंक जाळून केलेला धूप. आणि पातळ रंगीत कागदावर नक्षी कापून केलेल्या पताका, ज्यांना 'पापेल पिकादो' म्हणतात. पुएब्ला राज्यातलं सान साल्वादोर विश्कोलोत्ला हे गाव या कागदकामासाठी प्रसिद्ध आहे.

आणि मग येतं जेवण. हे 'नैवेद्याचं' ठरलेलं जेवण नसतं. ज्याला जे आवडायचं तेच. मिरची-मसाल्यांचा दाट 'मोले', मक्याच्या पिठाचे वाफवलेले 'तामालेस', एखाद्या काकांसाठी बिअरची बाटली आणि सिगारेट, लहान मुलासाठी दूध, गोळ्या आणि खेळणं. सण संपल्यावर हे सगळं घरातले आणि शेजारी वाटून खातात. तेव्हा अन्नाला चव उरलेली नसते, असं अनेक जण सांगतात. कारण पाहुणे ती घेऊन गेलेले असतात.

अनेक घरांत एक मेणबत्ती जास्तीची लावतात. ती असते ज्याची आठवण काढणारं कुणीच उरलेलं नाही, अशा एकट्या आत्म्यासाठी.

तो झेंडू मूळचा त्यांचाच

ओफ्रेंदावर आणि कबरींवर जे केशरी-पिवळे फुलांचे ढीग दिसतात, ते फूल म्हणजे आपला झेंडू. मेक्सिकोत त्याला 'सेंपासुचिल' म्हणतात. हा शब्द आझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतून आला आहे. त्या भाषेतल्या मूळ शब्दाचा अर्थ 'वीस फुलं', म्हणजे भरपूर पाकळ्यांचं फूल.

दसऱ्याला मराठी घरांच्या दारावर ज्याचं तोरण लागतं, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. मिरची, मका आणि टोमॅटोप्रमाणे तोही युरोपीय लोकांनी अमेरिका खंड गाठल्यानंतर समुद्रमार्गे जगभर पसरला आणि भारतात असा रुळला की तो बाहेरचा आहे हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मेक्सिकोत त्याच्या पाकळ्यांची वाट रस्त्यापासून थेट ओफ्रेंदापर्यंत घालतात. त्याचा भडक रंग आणि उग्र वास यांवरून मृतांना घर सापडतं, अशी समजूत आहे.

आणखी एक ओळखीची गोष्ट. या दिवसांत 'पान दे मुएर्तो' नावाचा गोडसर पाव खातात. त्याच्यावर कणकेचीच हाडांसारखी नक्षी असते. स्पॅनिशमधलं हे 'पान' आणि मराठीतला 'पाव' ही भावंडंच. आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला, इतकंच.

गाव बदललं की रीत बदलते

मेक्सिको मोठा देश आहे आणि ही परंपरा सगळीकडे सारखी नाही.

मिचोआकान राज्यात पात्स्कुआरो सरोवरातल्या हानित्सियो बेटावर पुरेपेचा समाजातल्या बायका १ नोव्हेंबरची अख्खी रात्र कबरींजवळ बसून काढतात. मेणबत्त्यांच्या उजेडात, बरोबर आणलेलं जेवण पुढ्यात मांडून. याच राज्यातल्या डोंगरांवर नोव्हेंबरच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेतून लाखो मोनार्क फुलपाखरं येतात. ही फुलपाखरं म्हणजे परत आलेले आपले पूर्वज, असं इथले लोक मानत आले आहेत.

पुएब्ला राज्यातल्या वाकेचुला गावात गेल्या वर्षभरात ज्या घरात कुणी वारलं असेल, त्या घरात पांढऱ्याशुभ्र सॅटिनच्या कापडाची, छताला भिडणारी वेदी उभारतात. त्या दिवशी घराचं दार सगळ्यांसाठी उघडं असतं. अनोळखी माणसं मेणबत्ती घेऊन येतात, वेदीसमोर थांबतात आणि घरचे त्यांना जेवू घालतात. घरात मृत्यू झाल्यानंतरच्या पहिल्या सणाला ते कुटुंब एकटं राहत नाही.

काम्पेचे राज्यातल्या पोमुच गावातली माया लोकांची रीत तर बाहेरच्यांना हादरवून टाकते. तिथे माणूस पुरल्यावर साधारण तीन वर्षांनी त्याची हाडं बाहेर काढतात आणि लाकडी पेटीत ठेवतात. मग दरवर्षी सणाच्या आधी घरचे लोक कब्रस्तानात जाऊन ती हाडं एकेक करून ब्रशने आणि फडक्याने पुसतात. पेटीतलं भरतकाम केलेलं कापड बदलतात. गावकऱ्यांच्या दृष्टीने हे म्हणजे आपल्या माणसाला आंघोळ घालून नवे कपडे घालणं. तिथली मुलं हे पाहतच मोठी होतात.

मग ही परंपरा किती जुनी?

'तीन हजार वर्षांचा आझ्टेक सण' असं अनेक पोस्टमध्ये लिहिलेलं असतं. ते तितकं सरळ नाही.

स्पॅनिश लोकांनी १५२१ मध्ये आझ्टेकांची राजधानी जिंकली. त्याआधी इथे मृतांसाठी सण होते, पण ते नोव्हेंबरमध्ये नव्हे, तर साधारण ऑगस्टच्या आसपास. १ आणि २ नोव्हेंबर या तारखा कॅथलिक चर्चच्या आहेत. १ तारीख सर्व संतांची आणि २ तारीख सर्व मृतांची. म्हणूनच गोव्यातले आणि वसईतले कॅथलिक कुटुंबीयही २ नोव्हेंबरला कबरी स्वच्छ करून फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. चर्चचं कॅलेंडर दोन्हीकडे एकच.

सोळाव्या शतकात मेक्सिकोत राहिलेला स्पॅनिश धर्मगुरू दिएगो दुरान याने एक गोष्ट टिपून ठेवली आहे. स्थानिक लोक संतांच्या दिवशी मुलांसाठी आणि दुसऱ्या दिवशी मोठ्यांसाठी दान मांडत होते. लोकांनी आपले जुने सण ख्रिस्ती तारखांच्या आडोशाला हलवले, असा त्याला संशय होता. दुसरीकडे एल्सा माल्विदो यांच्यासारख्या मेक्सिकन इतिहासकारांनी यातला बराच भाग मध्ययुगीन युरोपातून आल्याचं मांडलं. वाद आजही सुरू आहे. युनेस्कोने २००८ मध्ये या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा मूळनिवासी समाजांचा तिच्यातला वाटा ठळकपणे नोंदवला.

कवट्यांची गोष्टही अशीच. रुंद पिसांची टोपी घातलेली हसरी सांगाडा-बाई, म्हणजे 'ला कात्रिना', हा आज या सणाचा चेहरा आहे. ती काढली होसे ग्वादालुपे पोसादा या चित्रकाराने, साधारण १९१० नंतर, स्वस्तातल्या छापील पत्रकांसाठी. युरोपीय थाट मिरवणाऱ्या लोकांची ती थट्टा होती. पोसादा १९१३ मध्ये गरिबीत वारला. पुढे दिएगो रिवेराने १९४७ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या प्रसिद्ध भित्तिचित्रात तिला मधोमध उभं केलं आणि ती अजरामर झाली.

सण कुणाच्या मालकीचा?

२०१३ मध्ये डिस्नेने आपल्या आगामी सिनेमासाठी 'दिआ दे लोस मुएर्तोस' या शब्दांचाच ट्रेडमार्क मिळावा, असा अर्ज अमेरिकेत केला. आपल्या आजी-आजोबांच्या सणाचं नाव एक कंपनी कशी घेऊ शकते, म्हणून ऑनलाइन संतापाची लाट उसळली. काही दिवसांतच डिस्नेने अर्ज मागे घेतला. याच काळात लालो अल्काराज या व्यंगचित्रकाराने कंपनीची खिल्ली उडवणारं चित्र काढलं होतं. पुढे त्यालाच सल्लागार म्हणून घेतलं गेलं. तो सिनेमा म्हणजे २०१७ चा 'कोको'.

सीमेपलीकडे राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न भावनेचा होताच, पण व्यवहाराचाही होता. कागदपत्रं नसलेला स्थलांतरित माणूस आईच्या कबरीवर जायला मेक्सिकोत गेला, तर त्याला परत येता येईलच असं नाही. त्याच्यासाठी अमेरिकेतल्या भाड्याच्या खोलीतली ओफ्रेंदा हीच कबर आणि हेच घर. १९७० च्या दशकापासून लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मेक्सिकन वंशाच्या कलाकारांनी सार्वजनिक ओफ्रेंदा मांडायला सुरुवात केली.

२०२० मध्ये कोविडमुळे अनेक ठिकाणची कब्रस्तानं या दिवसांत बंद ठेवावी लागली. सरकारने ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर असे तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. त्या वर्षी असंख्य घरांत ओफ्रेंदावर नवा फोटो होता, पण त्या माणसाच्या कबरीपर्यंत जाता येत नव्हतं.

ज्यांचा फोटो कुठे ठेवायचा, हेच कळत नाही

ओफ्रेंदावर फोटो ठेवणं म्हणजे एक गोष्ट मान्य करणं, की हा माणूस आता नाही. पण ज्याचं काय झालं हेच माहीत नाही, त्याचं काय?

मेक्सिकोत बेपत्ता लोकांची अधिकृत नोंद मे २०२२ मध्ये एक लाखाच्या पुढे गेली आणि त्यानंतरही ती वाढत राहिली. यातले बहुतेक जण २००६ मध्ये अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्ध लष्कर उतरवल्यानंतरच्या काळात गायब झाले. २६ सप्टेंबर २०१४ च्या रात्री इग्वाला शहरातून आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी गायब झाले. त्यातल्या फक्त तिघांचे अवशेष ओळखता आले.

अशा कुटुंबांपुढे दर नोव्हेंबरला तोच पेच असतो. फोटो ओफ्रेंदावर ठेवला, तर आपणच त्याला मेलेला ठरवल्यासारखं होतं. नाही ठेवला, आणि तो खरंच गेलेला असेल, तर तो घरी येईल तेव्हा त्याच्यासाठी ना पाणी असेल, ना ताट. अनेक आया फोटो ठेवायला साफ नकार देतात. त्या 'माद्रेस बुस्कादोरास', म्हणजे शोध घेणाऱ्या आया म्हणून ओळखल्या जातात. लोखंडी सळया घेऊन त्या माळरानं पालथी घालतात. सळई जमिनीत ठोकायची, बाहेर काढायची आणि टोकाचा वास घ्यायचा. खाली मृतदेह असेल तर वासावरून कळतं.

मेक्सिको सिटीच्या रेफोर्मा या मुख्य रस्त्यावर एका चौकात ताडाचं जुनं झाड होतं. ते मेलं म्हणून २०२२ मध्ये काढलं. त्या रिकाम्या जागेभोवती बेपत्ता लोकांच्या नातेवाइकांनी आपापल्या माणसांचे फोटो लावले आणि चौकाला नवं नाव दिलं, बेपत्तांचा चौक.

३ नोव्हेंबरला मेक्सिकोतली घरं ओफ्रेंदा आवरतात. पाव वाटून खाल्ला जातो, सुकलेला झेंडू उचलला जातो, फोटो पुन्हा भिंतीवर जातात. पाहुणे येऊन गेलेले असतात आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा येणार, हे घराला माहीत असतं. चौकातले फोटो मात्र तिथेच राहतात. त्यांच्या घरच्यांना अजून ठरवायचं आहे, की ताट कुणासाठी वाढायचं: परत येणाऱ्या जिवंत माणसासाठी, की पाहुणा म्हणून येणाऱ्या मेलेल्यासाठी.