अंगणातली शाळा

शिक्षण म्हणजे शाळा, आणि शाळा म्हणजे इमारत, फळा व घंटा, हे समीकरण आपल्या मनात इतके घट्ट बसले आहे की, शाळेला सुटी लागली म्हणजे शिकण्यालाही सुटी लागली, असे आपण धरून चालतो. मुलाचे वाचन मागे पडले तर आई संकोचाने म्हणते, "मी स्वतःच फार शिकलेली नाही, मी त्याला काय शिकवणार?" ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहावयाचे असेल तर रायपूर शहराकडे वळावे. तेथे घराने शाळेची जागा घेण्याचे प्रसंग इतिहासात दोनदा आले.

पहिला प्रसंग १८७७ सालचा. कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरास येऊन राहिले. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र, म्हणजेच पुढे जगाला माहीत झालेले स्वामी विवेकानंद, त्यांच्याबरोबर होता. त्या काळच्या रायपुरात त्याच्याजोगी शाळा नव्हती. तेव्हा वडिलांनी घरीच त्याच्याशी नाना विषयांवर बोलावे, वाद घालावा, पाहुण्यांच्या चर्चेत त्याला बसू द्यावे, असा क्रम चालला. बुद्धिबळ आणि स्वयंपाकही तो येथेच शिकला, असे चरित्रकार सांगतात. १८७९ साली कुटुंब परतले, आणि दोन वर्षे शाळेचे तोंड न पाहिलेला हा मुलगा प्रवेश परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला.

यावर कोणी म्हणेल, विश्वनाथबाबू विद्वान होते. सामान्य घराचे काय? त्याचे उत्तर दुसऱ्या प्रसंगाने दिले. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. ७ एप्रिल २०२० रोजी छत्तीसगड शासनाने 'पढ़ई तुंहर दुआर', म्हणजे 'शिक्षण तुमच्या दारी', ही योजना सुरू केली. तथापि मोबाइलवरचे धडे प्रत्येक दारापर्यंत पोहोचेनात. मग शिक्षक वस्त्यावस्त्यांतून मुलांना जमवू लागले. कोठे ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविण्यात आले. याच काळात 'अंगना म शिक्षा' हा उपक्रम उभा राहिला. त्यात शिक्षिकांनी मातांचे मेळावे भरवून, घरातल्याच वस्तूंनी लहान मुलांना कसे शिकवावे, हे करून दाखविले. शाळेत मुले शिकत, येथे आया शिकल्या.

गरज किती होती, हे आकडेच सांगतात. 'असर' या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत असे, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये शेकडा २७.३ होते, २०२२ मध्ये ते २०.५ वर घसरले. २०२४ मध्ये ते पुन्हा २७.१ पर्यंत आले, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु चारांतली तीन मुले अजूनही मागेच आहेत, हे विसरून चालणार नाही.

आता, मुलांसाठी घरातला एक दिवस कसा आखावा, हे पाहू. त्यासाठी रायपूरच्या पुरानी बस्तीतले एक मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. महामाया मंदिर आणि दूधाधारी मठ यांच्या परिसरातली ही शहराची जुनी वस्ती. घरात आई, बाबा, आजी, तिसरीतला मुलगा आणि पहिलीतली मुलगी. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी.

सकाळ : अंदाज आणि मोजणी

आई पाणी भरीत असते. तिने इतकेच विचारावे, "ही बादली किती तांब्यांनी भरेल?" थोरला म्हणतो वीस, धाकटी म्हणते शंभर. मग दोघांनी मिळून भरून पाहावे. उत्तर बरोबर येणे महत्त्वाचे नाही. आधी अंदाज बांधावा, मग मोजावे आणि दोहोंत किती अंतर पडले ते पाहावे, ही सवय महत्त्वाची. चार दिवसांत धाकटीचा 'शंभर' आपोआप खाली येतो.

दारापुढे रांगोळी घालताना ठिपक्यांच्या ओळी मुलीकडून मोजून घ्याव्यात. पाच ओळींत पाच-पाच ठिपके म्हणजे पंचवीस, हा पाढा तिने न घोकता पाहिलेला असतो.

स्वयंपाकघर : चिंचोक्यांचे गणित

पुष्कळ मुले बत्तीस लिहा म्हटले की २३ लिहितात, किंवा ३०२ लिहून मोकळी होतात. यात मुलांचा मंदपणा नाही. आपल्या भाषेत 'बत्तीस' म्हणताना 'दोन' आधी ऐकू येतात आणि 'तीस' मागून. लिहिताना मात्र क्रम उलटा. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'तीस दोन' अशा धर्तीचे वाचन आले, तेव्हा केवढा वाद माजला, ते अनेकांना आठवत असेल. तो वाद काहीही असो, घरातली अडचण मूठभर चिंचोक्यांनी सुटते. दहा-दहा चिंचोक्यांच्या पुरचुंड्या बांधाव्यात. तीन पुरचुंड्या डावीकडे, दोन सुटे चिंचोके उजवीकडे, आता लिही. डोळ्यांना दिसलेले ३२ हात चुकवीत नाही.

आजीने जुनी मापे सांगावीत. छत्तीसगडात धान मोजावयाच्या लाकडी मापाला काठा म्हणतात आणि वीस काठ्यांची एक खंडी होते. आपल्याकडे चार शेरांची पायली. "मग आजी, अर्ध्या खंडीचे काठे किती?" असा प्रश्न थोरल्याच्याच तोंडून निघाला, म्हणजे समजावे की गणित घरात आले.

दुपार : एका वस्तूची तीन नावे

दुपारी डब्यांना चिठ्ठ्या चिकटवाव्यात. प्रत्येक चिठ्ठीवर तीन नावे : तांदूळ, चावल, चाउर, मीठ, नमक, नून. अंगण, आँगन, अंगना ही तर एकाच घरची भावंडे. लिपी एकच असल्याने मुलाला हा खेळ फार आवडतो. मराठीचा 'ळ' हिंदीत सहसा भेटत नाही, हे मुलाने स्वतःच शोधून काढावे. तीन भाषांमुळे मूल गोंधळते, ही भीती व्यर्थ आहे. घरची भाषा पक्की असली म्हणजे बाकीच्या भाषांना टेकावयास जागा मिळते.

धाकटीने परातीत तांदळाचे पीठ पसरून बोटाने अक्षर गिरवावे. चुकले तर हात फिरविला की पाटी कोरी.

नंतर आजीने एक हकीगत सांगावी. दूधाधारी मठाला हे नाव का पडले? तेथील महंत बलभद्रदास केवळ दुधावर राहत, म्हणून. थोरल्याने ती हकीगत चार ओळींत लिहावी व खाली आजीचे नाव घालावे. अशी वीस पाने झाली की घरात एक पुस्तक तयार होते, आणि त्याची लेखिका खुद्द आजी असते.

आईला वाचता येत नसेल तर? तिने मुलाला मोठ्याने वाचावयास सांगावे आणि मन लावून ऐकावे. "मग पुढे काय झाले?" "तो असे का वागला?" हे दोन प्रश्न विचारावयास अक्षरओळख लागत नाही. अडखळत वाचणाऱ्या मुलाला चुका काढणाऱ्यापेक्षा ऐकणारे माणूस अधिक हवे असते.

संध्याकाळ : खेळ

संध्याकाळी पुस्तक मिटावे. छत्तीसगडची मुले भौंरा फिरवितात, बाटी खेळतात. तोच आपला भोवरा आणि त्याच आपल्या गोट्या. फुगडी हे नाव तर दोन्हींकडे एकच, मात्र तिकडे ती उकिडवे बसून खेळतात. कोणाचा भोवरा अधिक वेळ फिरतो, हे आकडे म्हणून मोजावे. एवढा अभ्यास पुरे.

रात्री बाबांनी "आज काय पाठ केलेस?" असे विचारू नये, "आज काय सापडले?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला मूल भिते, दुसऱ्याला धावत येते.

काही पथ्ये

एका वेळी पंधरा-वीस मिनिटांहून अधिक बसवू नये. मूल कंटाळले की थांबावे. भावंडांची किंवा शेजारच्या मुलांची तुलना करू नये. स्वयंपाकघर मुलीसाठी आणि बाजारहाट मुलासाठी, अशी वाटणी करू नये. आणि हे सर्व शाळेऐवजी नाही, शाळेच्या जोडीने करावयाचे आहे, हे लक्षात ठेवावे. जे शिक्षक करतात ते घराला साधणार नाही. पण जे घर करू शकते, तेही चाळीस मुलांच्या वर्गात साधणार नाही.

अंगणाला शाळा करण्याची ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. १९४५ नंतर बोर्डी येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम आरंभिले. गरीब घरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि तिला 'अंगणवाडी' हे नाव दिले. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तो शब्द देशभर गेला. आज छत्तीसगडच्या 'अंगना'त तो जणू माहेरी भेटीस आला आहे.

तेव्हा ज्या मातेला आपले शिक्षण अपुरे वाटते, तिने आजच्याच सायंकाळी मूठभर चिंचोके घेऊन मुलाजवळ बसावे. दहा मोजून बाजूला ठेवावेत आणि पुढचे त्याला मोजू द्यावेत. शाळा भरली, असे समजावे.