चांदीच्या भांड्यांचे रेखाटन

शासकीय रेखाकला परीक्षेत वस्तुचित्राचा विषय असतो, हे आपणांस ठाऊक आहेच. त्याच्या अभ्यासासाठी दूर जाण्याचे कारण नाही. इतवारीच्या सराफ्यातून कधीकाळी घरी आलेले फुलपात्र, पंचपात्री किंवा पळी पुरेशी आहे.

मडक्यास स्वतःचा रंग असतो. चांदीस तो जवळजवळ नसतोच. घासलेली चांदी आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा शेकडा 90 हून अधिक भाग परत पाठविते. म्हणून तिच्यात खिडकी, दार, चित्र काढणाऱ्याचा सदरा हेच दिसते. ‘चांदी करडी’ असे मनाशी धरून जो सर्व भांडे करडे रंगवितो, त्याच्या कागदावर जस्ताचे भांडे उमटते!

शिसपेन्सिलीत शिसे मुळीच नसते. 1795 साली फ्रान्समधील काँते यांनी ग्राफाइटची पूड व माती एकत्र भाजून तिची कांडी केली. माती अधिक असेल तर कांडी कठीण व फिकी, म्हणजे ‘एच’. कमी असेल तर मऊ व काळी, म्हणजे ‘बी’.

भांडे एकाच खिडकीजवळ ठेवावे. प्रथम तोंडाचा लंबवर्तुळ काढावा. बुडाचा त्याहून किंचित गोल दिसतो. मग डोळे अर्धवट मिटून सर्वांत उजळ जागा हेरावी व तेथे कागद कोराच राखावा. त्याला अगदी लागून गडद छाया द्यावी, कारण झळाळी या शेजारानेच उत्पन्न होते. पंचपात्रीवर छाया उभ्या पट्ट्यांत पडतात. पळीच्या खोलगट भागात खिडकी उलटी दिसते. पेन्सिल दाबू नये. दाबल्यास ग्राफाइट स्वतःच चकाकते व काळेपणा मावळतो. हलके थर चढवावेत.

हवेतील गंधकाने नक्षीच्या खोबणीत साचलेला काळिमा घासून काढू नये. नक्षीचा उठाव त्यानेच कळतो.

पालकांसही एक विनंती आहे. अडचणीच्या वेळी जुनी चांदी मोडीत जाते आणि आजीच्या लग्नातील, नाव कोरलेले फुलपात्र मुशीत वितळते. त्याचे वजन पावतीवर राहते, घडण मात्र कोठेच राहत नाही. तेव्हा मुलांच्या हाती ते भांडे तासभर विश्वासाने द्यावे. ते काळजीपूर्वक रेखाटले गेले, तर निदान त्याचा आकार घरात टिकेल.