स्थलांतरित संघ आणि नामार्थाचा प्रश्न

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे नाव सामान्यतः दोन पदांचे असते. पहिले पद नगराचे वा राज्याचे, तर दुसरे त्या संघाचे विशेष अभिधान. ‘मिनिआपोलिस लेकर्स’ या नावातील दुसरे पद मिनेसोटा राज्यातील असंख्य सरोवरांवरून आलेले आहे. १९६० साली हा संघ लॉस एंजेलिसला गेला. पहिले पद बदलले, दुसरे तसेच राहिले. ‘न्यू ऑर्लीन्स जॅझ’ हा संघ १९७९ साली युटा राज्यात गेला आणि जॅझ संगीताच्या जन्मभूमीचे नाव त्या दूरच्या पर्वतीय प्रदेशाला चिकटले. आपल्या शास्त्रकारांच्या परिभाषेत बोलावयाचे, तर ‘पंकज’ या शब्दासारखी मूळची योगरूढ असलेली ही नावे स्थलांतराने केवळ रूढ झाली.

परंतु अशा नावाने नेमके काय निर्दिष्ट होते? व्यवहारात आणि कायद्यात ते संघ चालविण्याच्या अधिकाराचे नाव असते. हा अधिकार विकता येतो व अन्यत्र नेता येतो. चाहत्याच्या बोलण्यात मात्र तेच नाव निराळ्या वस्तूचे वाचक असते. खेळाडू बदलतात, मालक बदलतात, क्रीडागारेही बदलतात. तरीही तो ‘आमचा संघ’ असे म्हणतो, कारण त्याच्या दृष्टीने नगराशी जडलेला संबंध हाच नामार्थाचा स्थिर अंश होय. संघ स्वस्थानी असेपर्यंत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. स्थलांतराची वार्ता येताच ते विलग होतात. चाहत्याची चिंता केवळ भावविवशता नव्हे, ती या विलगतेची जाणीव आहे.

सिॲटलचे उदाहरण बोलके आहे. १९६७ साली स्थापन झालेल्या ‘सुपरसॉनिक्स’ संघाचे नाव बोइंग कंपनीच्या ध्वन्यतीत विमानाच्या योजनेवरून पडले. ती योजना १९७१ मध्ये रद्द झाली, पण नाव टिकले. १९७९ च्या अजिंक्यपदाने त्याला स्वतंत्र अर्थ लाभला. २००८ साली संघ ओक्लाहोमा सिटीला गेला, तेव्हा झालेल्या समझोत्यात नाव व रंग सिॲटलच्या भावी संघासाठी राखून ठेवण्यात आले. वस्तू गेली आणि नाव मागे उरले.

याची दुसरी बाजू सॅक्रामेंटो येथे दिसून आली. २०१३ साली तेथील ‘किंग्ज’ संघ सिॲटलला नेऊन त्यास ‘सुपरसॉनिक्स’ हे जुने नाव देण्याचा बेत होता. एका नगराची नावाविषयीची आस पुरी व्हावी, तर दुसऱ्याचे नाव पुसले जाणार होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात संघमालकांच्या मंडळाने २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नामंजूर केले आणि मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या नेतृत्वाखालील गटाने संघ विकत घेतला. तथापि हा संघ सॅक्रामेंटोचाही मूळचा नव्हे. रॉचेस्टरचे ‘रॉयल्स’ १९५७ मध्ये सिनसिनाटीस व १९७२ मध्ये कॅन्सस सिटीस गेले. तेथे बेसबॉलचे ‘रॉयल्स’ आधीच असल्याने त्यांचे ‘किंग्ज’ झाले. १९८५ साली ते सॅक्रामेंटोला आले. आज ज्याला गमावण्याचे भय वाटते, त्यानेही पूर्वी दुसऱ्याचे गमावलेलेच मिळविलेले असते.

नामार्थाच्या या वादात संस्थेचा पक्ष नेहमीच विजयी होतो, असे मात्र नाही. शार्लटचा ‘हॉर्नेट्स’ संघ २००२ मध्ये न्यू ऑर्लीन्सला गेला. २०१३ साली त्या संघाने ‘पेलिकन्स’ हे स्थानिक पक्ष्याचे नाव घेतले, आणि पुढील वर्षी शार्लटच्या नव्या संघाला जुने नाव व १९८८ ते २००२ पर्यंतचे विक्रमही परत मिळाले. येथे नाव अधिकाराच्या मागे न जाता स्थळाकडे परतले. चाहत्याने केलेला अर्थ संस्थेने मान्य केला. मिनिआपोलिसच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. तेथे मिळविलेली पाच अजिंक्यपदे आजही लॉस एंजेलिसच्या खात्यात मोजली जातात.