व्यापारी संकुलाचा वापरबदल आणि कलम ३७

परभणीचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी निर्माण झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, वसमत व कळमनुरी येथील नगरपरिषदा आपापल्या हद्दीत नियोजन प्राधिकरण ठरतात. मात्र वसाहतीच्या दैनंदिन खरेदीसाठी विकास योजनेत आरक्षित केलेल्या संकुलात रुग्णालय वा मंगल कार्यालयास मुभा द्यावयाची झाल्यास नगरपरिषदेचा केवळ ठराव पुरेसा नसतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार योजनेचे मूळ स्वरूप न पालटणारा फेरबदलच करता येतो. राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत सूचना, एक महिन्यात हरकती, सुनावणी आणि अखेरीस शासनाची मंजुरी, असा त्याचा क्रम आहे. वाढीव वाहने कोठे उभी राहणार, हा प्रश्न शेजारच्या रहिवाशांना अधिकृतपणे मांडता येतो तो याच महिन्यात. सूचनेत मात्र सर्व्हे क्रमांक असतो, संकुलाचे ओळखीचे नाव बहुधा नसते.